कोरड्या बोअरची यादी

बायकोला हे माहीत नाही. आईला नाही. माझा प्रबंध वाचून ज्यांनी पाठ थोपटली, त्या मार्गदर्शक सरांना तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — ओळखीच्या माणसासमोर तोंड उघडलं की मी भलतंच काहीतरी बोलत सुटतो. चार वेळा तसं झालंय.

आधी कामाचं सांगतो. — बघा, पुन्हा टाळतोच आहे. धुराड्यांतून निघणारा कार्बन डायऑक्साइड पकडायचा, दाबून जमिनीत खूप खोल सोडायचा, आणि तो तिथंच राहतो की वर येतो हे संगणकावर बघायचं, ही माझी पीएच.डी. प्रत्यक्षात मी जमिनीत फुगाभर वायूही सोडला नाही. तापीकाठच्या काळ्या पाषाणाचे संगणकात हजारो चौकोनी तुकडे करायचे, कुठे किती भेगा, किती पाणी ते भरायचं, आणि बटण दाबून शंभर वर्षं पुढं जायचं. मी पुरुषोत्तमनगरला वाढलो, साखर कारखान्याच्या मळीच्या वासात. आपल्या जिल्ह्याच्या पोटात काय आहे ते जगाला मी सांगणार — केवढा तोरा होता मला त्याचा!

अडलं भोकांवर. जमिनीत जुनं भोक असलं तर वायूला वर यायला वाट मिळते. पाणी लागलेल्या बोअरची नोंद कुठेतरी सापडते. पण न लागलेल्या? त्यावर माणूस दगड ठेवतो, माती ओढतो आणि पुढच्या हंगामात वरून नांगर फिरवतो. कोरड्या बोअरचं नाव घरात कुणी काढत नाही. मग त्या कुणाला ठाऊक असणार? ज्यानं जागा दाखवली, त्याला.

जगन आबा पाणाड्या होते. कळसाडीच्या पुढचं एक गाव — नाव सांगत नाही. सत्तरीचे, काटक, बोलायला कमी. उजव्या तळहातावर नारळ आडवा ठेवून शेतातून चालायचे. नारळ उभा राहिला की म्हणायचे, इथं घ्या. माझा विश्वास होता का? छे. मनातल्या मनात हसायचो. पण पार नंदुरबारकडची माणसं त्यांना न्यायला मोटरसायकल घेऊन येत.

पाणाड्या आपल्या फसलेल्या जागांबद्दल बोलत नाही. ती त्यांची रीतच आहे. मी आठ दिवस आबांच्या पडवीत बसून चहा प्यायलो, लाडीगोडी लावली, आणि शेवटी म्हणालो, आबा, तेवढी यादी मिळाली तर माझं आयुष्य मार्गी लागेल. त्यांनी चहाची कपबशी बाजूला सारली. मग उठून चपला घातल्या. पुढचे दोन आठवडे आम्ही कापसातून, केळीतून हिंडलो. प्रत्येक कोरड्या बोअरपाशी आबा चपला काढायचे, वरच्या दगडाला हात लावायचे, आणि मी मोबाइलवर ती जागा टिपून घ्यायचो. शेवटच्या दिवशी एवढंच म्हणाले, "सर, हाई कोनले दाखाडू नका. मन्हा हातना मान जाई."

कुणाला दाखवणार नाही, असा मी त्यांच्या पायाला हात लावून शब्द दिला. पायाला हात लावून!

माझ्या फिरण्याचा गावात बोभाटा झाला. कोणी म्हणालं, सर कंपनीचा माणूस आहे. कोणी म्हणालं, आपल्या शेताखाली विषारी वायू पुरणार, गुरं मरतील, पोरं मरतील. मी म्हटलं, लोकांना नीट समजावून सांगू. शहाणा ना मी! एका दुपारी मारुतीच्या ओट्यापाशी सगळ्यांना बोलावलं. काखेत त्या कोरड्या बोअरचा गुंडाळलेला मोठा नकाशा होता — कशाला घेतला होता? दाखवायचा नव्हता तर कशाला घेतला होता? आबाही आले. माझ्यासाठी आले, पुढंच बसले.

मी अर्धा तास पुस्तकी मराठीत बोललो. मग एकानं उठून विचारलं, "वायू वर येई का नही, इतलंच सांग." नाही, एवढंच म्हणायचं होतं. पण मी पडलो विद्वान. म्हणालो, बहुतेक नाही. जुनी भोकं असली तरच. त्याबरोबर गलका उठला. कोणीतरी माझी कॉलर धरली. शर्टाची बटणं तुटली. कानाखाली अशी बसली की डावा कान सुन्न झाला, तोंडात रक्ताची चव आली. आणि मी —

नकाशा कुणीही मागितला नव्हता. मी तो स्वतः उलगडला. ओरडलो, ही बघा भोकं! मी पाडली नाहीत, सगळ्या जागा जगन आबांनी दाखवल्यात, यादीही त्यांनीच दिली!

माझी कॉलर सुटली. इतक्या चटकन सुटली की मला हायसं वाटलं. हो, हायसं.

मग आमची भोकं कंपनीला विकली म्हणत त्यांनी आबांना धरलं. ज्यांच्या शेतात ते अनवाणी चालले होते, तीच माणसं. टोपी उडाली. कोणी पाठीत लाथ घातली, कोणी पांढरे केस मुठीत धरून डोकं ओट्याच्या कडेवर आपटलं. धूळ, शिव्या, बायकांचा आरडाओरडा. भुवई फुटून त्यांच्या डोळ्यांत रक्त उतरलं होतं, काही दिसत नसावं. एकानं मोटार खोलायचा लोखंडी पाना आणला. "याच हातवर नारळ उभा ऱ्हास ना?" तो म्हणाला. आणि माझ्याकडं वळला — "तू आमनाकडना शे का त्यानाकडना?"

मी वाकून म्हणालो, आबा, हात द्या.

त्यांनी माझा आवाज ओळखला. त्या गर्दीतून, त्या रक्तातून, त्यांनी उजवा हात माझ्याकडं केला. आपणहून दिला. मी तो मनगटापाशी दोन्ही हातांनी धरला, आणि ओट्याच्या दगडावर दाबून ठेवला.

पाना तीनदा पडला. ऊस मोडावा तसा आवाज झाला. त्यांनी डाव्या हातानं माझा दंड धरला होता, पहिल्या घावाला ती बोटं घट्ट आवळली. तरी मी सोडलं नाही. घाबरलो होतो, असं म्हणू? होतोच घाबरलेला. पण मी मनगटावर गुडघा टेकवला होता, सगळ्या अंगाचा भार टाकला होता. एवढा भार टाक असं मला कुणी सांगितलं नव्हतं.

शहाद्याच्या डॉक्टरांनी जमेल तेवढं जोडलं. बोटं मिटत नाहीत. आबांनी कुणाचंही नाव पोलिसांना दिलं नाही. त्याच गावात राहायचं होतं. पाना मारणारा अजूनही मला रामराम करतो.

आणि प्रबंध? यादीतली सगळी भोकं मी संगणकात भरली, बटण दाबलं. वायू त्या भोकांपर्यंत वर आलाच नाही. यादी असली काय, नसली काय, उत्तर तेच होतं. तरी ती मी परिशिष्टात छापली. परीक्षकांनी म्हटलं, एवढं बारकाईचं काम क्वचित दिसतं. ऋणनिर्देशाच्या पानावर आबांचं नाव आहे. मी नावामागे डॉक्टर लावतो.

यंदा अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्यांच्याकडून निरोप आला, जेवायलाच या. गेलो. आबा थकले होते, पण मला बघून हसले. सुनेला हाक मारून म्हणाले, "आख्खं गाव माले मारी ऱ्हायंतं. एकला या सरनी मन्हा हात धरा, माले भायेर खेचाले."

सुनेचे डोळे भरून आले. तिनं डोक्यावरचा पदर सावरून माझ्या पायाला हात लावला. मी लावू दिला. मग तिनं खापरावरचे पुरणाचे मांडे केले आणि पहिलं ताट मला वाढलं. कुणाला दिसू नये म्हणून आबा भिंतीकडं तोंड करून बसले आणि डाव्या हातानं जेवू लागले. मी दोन मांडे खाल्ले, वर आमरस मागून घेतला.