डावा भाता

१९६८ सालच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. चैत्र सरला तिथून मृग निघेपर्यंतची. बीदरहून मन्नाएखेळ्ळीकडे जाणाऱ्या रस्त्यावर तेव्हा एक लहानसा फ्लाइंग क्लब होता. आता नाही. तिथे मी नऊ वर्षे काढली आणि किस्से साचत गेले. कुणी भेटले की म्हणते, "अण्णा, एखादा सांगा की!" मी हसवणारे सांगतो. ज्यांनी माझी मान खाली जाते, ते गाळतो. या वेळी गाळणार नाही.

*

मी भालकीचा. चौथी पास. भजनाच्या पेट्या दुरुस्त करायचो.

क्लबात विमान शिकवायचा एक लाकडी डबा होता. तो उडत नसे. खाली चार चामडी भाते, त्यांच्या हवेवर तो कलायचा आणि वळायचा. झाकण लावले की आत बाहेरचे काही दिसत नाही, समोर फक्त काट्यांची घड्याळे. ढगात शिरल्यावर नुसत्या काट्यांवर विमान चालवायचे असते. त्याचे वेगळे रेटिंग मिळते, आणि त्याची पहिली परीक्षा या डब्यात. भाते फाटले म्हणून मला बोलावले होते.

पोरांना शिकवणारे कॅप्टनसाहेब म्हणाले, "हे विमान आहे, पेटी नाही."

मी म्हणालो, "भाता हाय न्हवं? मग पेटीच! सूर तेवढा तुमच्या पोरांचा."

नोकरी लागली!

*

भाते चिकटवायला साहेबांनी रबराचे सोल्युशन दिले, बाहेरून मागवलेले. वास घाणेरडा. मी ते टिन फळीवर ठेवले आणि आपला सरस कढवला. बापापासून पेटीला सरसच लावत आलो.

"टिन अजून भरलेलं कसं?" साहेबांनी विचारले.

"काम बघा साहेब, टिन कामून बघता?"

*

डब्याबाहेर टेबलावर आमच्या मुलखाचा नकाशा असायचा. त्यावर तीन चाकांची एक चिमुकली गाडी फिरायची आणि आतला पोरगा कुठे चाललाय, ते शाईच्या रेघेने दाखवायची.

औरादचा वामन घामाने भिजून बाहेर आला. म्हणाला, "बरोबर धावपट्टीवर उतरलो, सर."

रेघ भालकीच्या बाजारात!

मी ओरडलो, "येताना भाजी आण रे!"

सगळा क्लब हसला. वामन रेघेकडे बघत राहिला.

*

हुमनाबादचा एक विद्यार्थी सकाळच्या पाळीत डब्यात चक्क झोपला. रेघ एकदम सरळ! साहेब म्हणाले, "याला परीक्षेलाही झोपवूनच आणा!"

त्याच दुपारी वामन माझ्याकडे आला. "अण्णा, डबा डावीकडं वढायलाय."

"सकाळी झोपलेल्याला वढला न्हाई, तुलाच कामून वढंल?"

पुन्हा सगळे हसले.

त्याची पाळी रोज दुपारी दोनची. त्या उन्हात दुसरे कुणी यायला तयार नसे. वामनचे घर छप्पन सालानंतर बौद्ध झालेले. आम्ही लिंगायत, गळ्यात लिंग, घरात रोज वचने, माणसे सगळी सारखी म्हणणारी. तरी डबा कलला तेव्हा मला भात्याचा संशय आला नाही. पोराचा आला.

*

साहेब वामनला म्हणाले, "सोमवारी शेवटची परीक्षा. रेघ वाकली तर नाव कमी."

त्याचा बाप रस्त्यावर खडी फोडायचा. पोरगा विमान चालवणार म्हणून त्याने गावभर सांगून ठेवले होते.

रविवारी दुपारी मी साफसफाईला गेलो. रोज दुपारच्या सवयीने गारव्यासाठी खिडक्यांच्या वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारले आणि भात्यांची मोटर लावली. डाव्या भात्याशी हात गेला. तळव्यावर वारा लागला.

ताट्यांची ओल आणि दुपारची उष्णता, दोन्हींनी सरस सुटला होता. सकाळी कोरडा असताना धरायचा, दुपारी सोडायचा.

मी फळीवरचे टिन काढले, सोल्युशन लावले, हात धुतले. कुणाला सांगितले नाही.

*

सोमवारी दोन वाजता वामन आत बसला. रेघ उजवीकडे गेली!

महिनाभर डावीकडच्या ओढीला उलटा जोर द्यायला तो शिकला होता. ओढ गेली, हात तसाच राहिला.

"आता उजवीकडं?" साहेब म्हणाले. "बास. नाव काढतो."

वामन खाली बसून बुटाची नाडी बांधत राहिला. फार वेळ बांधत होता.

मी म्हणालो, "साहेब, भाता सुटला व्हता. तुमचं सोल्युशन मी लावलंच न्हाई. काल गुपचूप लावलो. पोरगं खरं बोलत व्हतं. काढायचं तर मला काढा."

त्या दिवशी कुणी हसले नाही.

*

साहेबांनी त्याला आठ दिवस दिले. मृगाच्या आदल्या दिवशी, दुपारी दोनलाच, त्याने धावपट्टीपर्यंत रेघ ओढली. पट्टी लावून काढल्यासारखी! साहेबांनी दोनदा चष्मा पुसला.

मग माझ्याकडे बोट केले. "वामन, या पेटीवाल्याचं काय करू?"

"डब्यात बसवा, सर."

मला आत बसवले. झाकण लागले. काटे हलत होते, मला एकही वाचता येत नव्हता. पण शपथेवर सांगतो, मी सरळ चाललो होतो.

झाकण उघडले तेव्हा सगळे टेबलाभोवती उभे होते. वामनने रेघेच्या टोकावर बोट ठेवले.

"भालकीच्या बाजारात उतरलात, अण्णा. येताना भाजी आणा!"