पोटभर पाणी

आजवर कुणालाच सांगितलं नाही, ते आधी सांगून टाकतो. पवईच्या त्या बाथटबचं बूच मी काढलं.

"आधी तेका पोटभर पाणी पाज, मगे तोंड शिव," हे माझ्या भागीदाराचं ठरलेलं वाक्य. आम्ही दोघं प्लंबर. टब बसवून खाली निचऱ्याचा पाइप जोडला, की तो टब काठोकाठ भरायचा. मग फरशीवर पालथा पडून सांध्याखालून हात फिरवायचा, आणि हात कोरडा निघाला तरी शर्टाला पुसायचा. पाण्याच्या वजनानं टब जरासा खाली बसतो, भिंतीलगतची फट उघडते. तेव्हाच तिच्यात सिलिकॉन भरायचं आणि ते सुकेपर्यंत पाणी तसंच ठेवायचं.

हे मलाही येत होतं. पण गिऱ्हाइकं माझ्या नंबरवर फोन करून विचारायची, "ते हसरे काका येतील ना?" असा माणूस तुम्हीही पाहिला असेल, काही न करता सगळ्यांना आवडणारा. तो घरी आला की माझी बायको चहात आलं ठेचून घालायची. एरवी मला साधा चहा.

पवईच्या बाई माझ्यासमोरच त्याला म्हणाल्या, "माझ्या बहिणीकडे पण तुम्हीच या हं."

"आम्ही दोघं येऊ ना," तो म्हणाला. त्या मोठेपणानं मी जास्तच जळलो.

त्यांच्या टबाला सिलिकॉन भरून झालं, संध्याकाळी तो खाली उतरला. टबातलं पाणी सकाळी मी येऊन सोडून द्यायचं, असं ठरलं होतं. पाना राहिला म्हणून मी आत परतलो आणि बूच उपटलं. पाणी गुरगुरत गेलं, हलका झालेला टब वर आला. सिलिकॉन अजून ओलंच होतं.

बाईंनी पहिल्यांदा टब भरला आणि सांधा फाटला. खालच्या घराचं छत गळायला लागलं. त्यानं फटीत नख घालून पाहिलं.

"पाणी होता मा रे सकाळपर्यंत?"

"होतं की."

"मगे माझोच हात चुकलो."

त्यानं बाईंसमोर कान पकडले.

त्यानंतर दर टबापाशी तो सिलिकॉनची गन माझ्या हातात द्यायला लागला. "तूच लाव. माझ्या हाताचो भरवसो नाय आता." हळूहळू गिऱ्हाइकं मलाच विचारायला लागली. मला हवं होतं ते सगळं मिळालं, आणि तो गावी निघून गेला.

अजून त्याचा फोन येतो. "पाणी पाजतंस मा, मेल्या?"

"पाजतो रे."

तो पलीकडे खूश होऊन हसतो.

एक वाक्य मी त्याचं देणं लागतो: तुझा हात चुकला नव्हता.