बंडेप्पाची न घसरणारी नाव

मांजरा नदीकाठच्या मेहकरच्या बंडेप्पानं तिथल्या नावेचा गुत्ता, म्हणजे ठेका, घेतला, तेव्हा निजामाचं राज्य जाऊन दोन-तीन वर्षं झाली होती. बंडेप्पाचं मात्र नुकतंच सुरू झालं होतं. उतारूंनी कुठं बसायचं, कुठं थुंकायचं, सगळं तोच ठरवायचा. फक्त नावेच्या फळ्या त्याच्या हुकमात नव्हत्या. पायांबरोबर काळ्या मातीचा चिखल आत आला की माणसं धपाधप आपटायची. "नीट चालाया येत न्हाई," म्हणून बंडेप्पा मोकळा व्हायचा.

मग त्याची बायको सिद्धव्वा पडली. मनगट मोडलं. बंडेप्पानं भरल्या नावेत तेच वाक्य तिलाही ऐकवलं. ती पलीकडच्या काठाला, माहेरच्या गावी उतरली ती उतरलीच. "फळ्या घसरायच्या थांबल्या की बोलवा," असा निरोप आला. आपल्या हातच्या करपलेल्या भाकरी खाऊन खाऊन बंडेप्पाला अखेर फळ्यांचा दोष दिसू लागला.

फळ्या उन्हात वाळवून त्यानं वर कढत डांबर फासलं आणि ते ओलं असतानाच काळ्या दगडाची चुरी पेरली.

"नदीची वाळू कामून न्हाई, अण्णा?" नावाडी निंगप्पानं विचारलं.

"वाळू कुनीबी टाकतंय."

डांबर वाळलं. चुरी अशी घट्ट बसली की नखानं निघेना. बंडेप्पाचा ऊर भरून आला. त्यानं मठातल्या स्वामींना बोलावून नावेला विभूती लावली, नारळ फोडला, आणि जाहीर केलं, "आता ही नुसती नाव न्हाई, गंगव्वा देवी हाय. वहाणा काढूनच चढायचं."

लोक अनवाणी चढले. खरंच कुणी घसरलं नाही. घसरायला आधी पाय टेकावा लागतो. उतारू एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत नदी पार करू लागले. रक्ताळलेल्या टाचा घेऊन उतरणाऱ्यांना बंडेप्पा विचारायचा, "कुनी पडलं का?"

मोठ्या ऐटीत त्यानं सिद्धव्वाला निरोप धाडला. ती गाठोडं घेऊन माहेरच्या काठावर, नावेपाशी आली. तिला बघून त्याला इतकं बरं वाटलं की तो हसलासुद्धा. पण बोलला ते वेगळंच.

"वहाणा काढ. पूजा झालीया."

तिनं काढल्या. एक पाऊल टाकलं आणि झटक्यानं मागं घेतलं. "टोचायलंय."

"व्हईल सवय. घसरत तर न्हाई?"

सिद्धव्वानं त्याच्या पायांकडं बघितलं. जाड तळाच्या वहाणा होत्या.

"आन् तुमच्या पायात?"

"मला दिसभर हितं उभं ऱ्हावं लागतंय," बंडेप्पा म्हणाला.

"म्हंजे टोचतंय, हे तुमाला ठावं हाय."

नावेतले सगळे आता त्याच्याकडं बघत होते. वहाणा काढाव्यात असं त्याच्या मनात आलंही, पण पाय हलेनात. सिद्धव्वानं आपल्या वहाणा घातल्या, गाठोडं उचललं आणि ती माहेरच्या वाटेला लागली.