कणकेची चकती

इराचा फोन आला तेव्हा मी तास संपवून बाहेर पडत होते. "आंटी, मम्मी नहीं रहीं," एवढंच ती म्हणाली. नीलिमाताई आजारी होत्या, हे माहीत होतं. तरीही मोहालीतल्या त्यांच्या घराकडे जाताना वाटत राहिलं, दार त्याच उघडतील...

चंदीगडच्या विद्यापीठात एम.एस्सी.ला आम्ही एका वर्गात होतो. मी अकोल्याहून आलेली, होस्टेलवर राहणारी. त्या माझ्याहून बऱ्याच मोठ्या. नवऱ्याची लष्करातली बदली इथे झाली म्हणून आलेल्या. भ्रूणशास्त्राच्या तासाला त्या पहिल्या बाकावर बसत. एका रविवारी त्यांनी मला जेवायला बोलावलं. पोळ्या लाटायच्या सोडून कणकेची चपटी चकती केली आणि तिच्या कडा हलकेच दुमडल्या. "बघ, चौथ्या आठवड्यात गर्भ असाच मिटतो." मग ती कणीक हातात तशीच धरून म्हणाल्या, "माझी दोन्ही बाळं याच सुमारास गेली गं. जो तो विचारायचा, काय खाल्लंस, कुठे चढलीस-उतरलीस... म्हणून शिकायला आले."

दुसऱ्याच दिवशी तास संपल्यावर त्यांनी आमच्या पंजाबी प्राध्यापिकेला गाठलं. मॅडम फळा पुसता पुसता थांबल्या. "बेटा, इतने शुरू में गड़बड़ अक्सर बीज में ही होती है. तुम्हारे सीढ़ी चढ़ने से कुछ नहीं हुआ." ताई बाहेर येऊन पायरीवर बसल्या. मला म्हणाल्या, "सासूबाईंना फोन करून सांगू का गं?" पण फोन काही केला नाही.

पुढच्या वर्षी त्यांना पुन्हा दिवस राहिले. तेव्हा मात्र त्यांनी पुस्तक उघडलंच नाही. वर्गात यायच्या आणि खिडकीबाहेर बघत बसायच्या. मी आकृती काढायला लागले की वहीवर हात ठेवायच्या. "आता नको. आता जेवढं कळतंय तेवढं पुरे." इरा झाली, रडली, दूध प्यायली, आणि ती महिन्याची झाल्यावर ताईंनी राहिलेले धडे तिला मांडीवर घेऊन वाचून काढले.

नंतर आम्ही दोघी एकाच कॉलेजात शिकवायला लागलो. तिथे एका खोलीत काचेच्या बरण्यांत गर्भ ठेवलेले आहेत. मुलांना तिथे नेताना ताई दाराशीच चपला काढत. "किसी को इंतज़ार था इनका," असं मुलांना म्हणत आणि मग हळू आवाजात शिकवायला सुरुवात करत.

परवा त्या खोलीत नवी बॅच घेऊन गेले. या मुलांनी ताईंना कधी पाहिलेलं नाही. मी दाराशी नुसत्या चपला काढल्या. मागे वळून पाहिलं, तर एकेक जण वाकून बुटांच्या नाड्या सोडत होता.