आप्पांची डबल बेल

म्हातारी माणसं सांभाळणाऱ्या बाईच्या पोटात किस्से साठत जातात. आम्ही सगळ्याजणी सकाळी महाडच्या स्टँडवर उतरलो की दहा मिनिटं चहा घेत ते एकमेकींना सांगून मोकळ्या होतो, मग आपापल्या घरी कामाला. मी बिरवाडीची. चार वर्षं झाली या कामाला, आणि मला यातलं कळतं. उगाच कशाला लाजू?

आमच्यात हिरा हाय, पोलादपूरच्या वरच्या वाडीतली. ती सव गावात एका आजींकडे जाते. आजी दिवसभर तिच्यावर तोंड सोडतात. मी म्हटलं, "सोड गो ते घर." तर म्हणते, "नाय गो. भाजी चांगली झाली की म्हातारी गप्प बसते, मग मला भीती वाटते. म्हणून मी मुद्दाम मीठ कमी टाकते. बीपीलापण बरं!"

मी सांभाळायचे ते आप्पा एस्टीचे रिटायर कंडक्टर. अर्धांगवायूनं उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. पहिले आठ दिवस नुसते भिंतीकडे तोंड करून पडलेले. मग मी कॉटला घंटा बांधली आणि दोरी डाव्या हातात दिली. म्हटलं, "आप्पा, सिंगल म्हंजे थांब, डबल म्हंजे चला." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काय मी त्यांना एस्टी शिकवतेय!

पण घंटा वाजायला लागली. मी उभ्यानं भरवायला लागले की सिंगल. स्टुलावर टेकले की आधी बघून घेणार, मी नीट बसले ना, मगच डबल, मगच तोंड उघडणार. सूनबाई म्हणाल्या, "पॅसेंजर बसल्याशिवाय त्यांनी कधी गाडी सोडली नाही."

चालायला मात्र तयार नव्हते. एक दिवस मी त्यांना धरून उभं केलं आणि ओरडले, "पोलादपूर, पोलादपूर, चला पोलादपूर!" दारापर्यंत आले.

एकदा डॉक्टर अर्धा तास बोलत बसले. शेवटी विचारलं, "बरं वाटतंय ना, आप्पा?" आप्पांनी डबल दिली. डॉक्टर खूश. मी म्हटलं, "डॉक्टर, 'निघा' म्हणतायत."

मग आम्हाला कामं देणाऱ्या ब्युरोच्या मॅडमचा फोन आला. मला दुसरं घर, आप्पांकडे नवीन बाई. दर सहा महिन्यांनी घर बदलायचंच, नायतर जीव लागतो म्हणे. आता लागलेलाच होता, त्याचं काय? मी रडले, खोटं कशाला सांगू. मला ते घर सोडायचं नव्हतं.

शेवटच्या दिवशी नवीन बाईला स्टुलावर बसवून घंटेचं सगळं समजावलं. पिशवी खांद्याला लावली आणि म्हटलं, "येते, आप्पा."

सिंगल.

"आप्पा, गाडी चुकेल माझी."

सिंगल.

नवीन बाई स्टुलावरनं उठली. मी पिशवी खाली ठेवून बसले, जरा वेळ म्हणून. आप्पांनी मान वळवून बघितलं, मी नीट बसले ना.

मग डबल दिली.