पूजेला न बसलेला पाना

खंडेनवमीचा दिवस, सातपूरचा आमचा कारखाना... आणि ऐन स्वयंपाकाच्या वेळी पाणी गेलं! नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे, पण आठवली की अजून एकटीच हसत बसते.

मी तेव्हा आयटीआयमधून फिटर होऊन तिथे मेंटेनन्सला अप्रेंटिस लागले होते. सगळ्या खात्यात मी एकटी मुलगी. बरोबरची मुलं मशीनखाली लोळून काळीकुट्ट होऊन यायची आणि मी स्टोअरच्या खिडकीत बसून त्यांना नटबोल्ट काढून द्यायचे... डबा खाताना हात धुवायचीही गरज पडू नये, इतके माझे हात स्वच्छ!

आमचे भामरे मिस्तरी सटाण्याकडचे. मनाचे फार चांगले, पण पोरीला पंपाखाली वाकायला सांगणं त्यांना पाप वाटायचं. ट्रेनिंग संपत आलं होतं. कामाला हातच लावला नाही तर उद्या नोकरीला मला दारात कोण उभं करणार, या विचाराने मी रडकुंडीला आले होते.

त्या दिवशीही तेच. सगळ्यांनी आपापली अवजारं घासूनपुसून पूजेला मांडली आणि मला सांगितलं, तू रांगोळी काढ. झेंडूही मीच आणलेला, मखमलाबादच्या आमच्या मळ्यातला. रागारागात एवढी मोठी रांगोळी काढली की माझी अवजारांची पिशवी पूजेला मांडायची राहूनच गेली... सायकलच्या हँडलला तशीच लटकत होती.

हळदकुंकू वाहून झालं, नारळ फुटला, आरती झाली. कामगारांची बायकापोरं जेवायला आली होती. आचाऱ्याने पुऱ्यांची कणीक भिजवायला नळ सोडला, तर नळाने नुसतं फुस्स केलं.

पंप चालू होता, पण पाणी काही चढत नव्हतं. मिस्तरींनी कान लावूनच ओळखलं... सक्शन पाइपचे बोल्ट सैल झालेत, पंपाने हवा धरलीय. बोल्ट आवळायचे, पंपात पाणी भरायचं, की झालं. अवघड काहीच नव्हतं. फक्त पाना हवा होता.

आणि कारखान्यातला एकूण एक पाना गळ्यात झेंडूची माळ घालून बसलेला! पूजा झालेल्या अवजाराला दसरा उजाडेपर्यंत हात लावायचा नाही, हा आमच्याकडचा कडक नियम. मॅनेजर साहेब म्हणाले, घ्या ना एखादा उचलून... पण एवढे धट्टेकट्टे फिटर, एकही पुढे होईना. तिकडे आचारी परातीजवळून ओरडतोय.

मी हळूच म्हटलं, "मिस्तरी, माझा पाना आहे की."

"तुना पाना पूजामा नही शे का?"

"रांगोळी काढत होते ना मी..."

मिस्तरींनी पूजेकडे पाहिलं, आचाऱ्याकडे पाहिलं. मी धावत जाऊन पिशवी आणली, तर त्यांनी पाना घ्यायला हात पुढे केला... आणि मी तो दिलाच नाही! कुठून धीर आला देव जाणे. सरळ पंपाशी जाऊन उकिडवी बसले.

वाटलं, आता ओरडा बसणार. पण मिस्तरींनी स्वतः मेन स्विच पाडला आणि धोतराचा काचा सावरावा तशी पँट वर ओढून माझ्या शेजारी बसले. "आवळ पोरी... आखो आवळ." मी आणखी जोर लावला.

बोटांना गुलाबी रांगोळी आणि त्यावर ग्रीस. प्यायच्या पिंपातलं पाणी पंपात ओतलं, प्लग बसवला, मिस्तरींनी स्विच मारला. टाकीत धो धो पाणी पडायला लागलं आणि बायकांनी टाळ्याच वाजवल्या! पंगतीत पहिली पुरी मिस्तरींनी माझ्या पानात वाढली. इतका आनंद झाला होता की मला ती खाताच येईना.

दसरा झाला, कारखाना उघडला, मी सवयीने स्टोअरच्या खिडकीत जाऊन बसले. तर मिस्तरींनी बाहेरून काचेवर टकटक केली. "चाल पोरी, पिशवी ले."

मग जन्मभर मेंटेनन्सच केलं. आता माझ्या हाताखाली मुलीही शिकतात. खंडेनवमीला त्या सगळी अवजारं मांडतात आणि माझा तो जुना पाना बाजूला दिसला की विचारतात, मॅडम, याची पूजा नाही करायची?

मी सांगते, याची झालीय गं... भामरे मिस्तरींच्या समोर, रांगोळीने आणि ग्रीसने.