पुसट ठसे

पीआरच्या, म्हणजे इथे कायम राहण्याच्या परवानगीच्या, अर्जासाठी जिथे वर्षभराहून जास्त राहिलो त्या प्रत्येक देशातल्या पोलिसांचा दाखला लागतो. नवऱ्याच्या प्रोजेक्टमुळे आम्ही तीन वर्षं घानात होतो. तिकडे पाठवलेले माझ्या बोटांचे ठसे पुसट म्हणून परत आले, आणि मुदतीला जेमतेम महिना उरला. स्प्रिंगफील्ड लेक्स या इथल्या उपनगरातल्या घरात मी दिवसातून दहादा ईमेल उघडायचे.

खरी भीती वेगळीच होती. घानात एकदा मी ड्रायव्हरच्या मागे बसलेली असताना आमच्या गाडीचा धक्का लागून एक सायकलवाला पडला होता. त्याला फक्त खरचटलं, पण चौकीतल्या शिपायाने जाड वहीत माझं नाव लिहून घेतलं. नवरा तेव्हा साइटवर होता. त्याला मी सांगितलंच नाही.

दोन घरं सोडून घानाचे एक रिटायर्ड पोलीस लेकीकडे राहत. हेडक्वार्टरला ठशांची कार्डं लावण्यात त्यांची नोकरी गेली होती. मी त्यांना सगळं सांगितलं.

"ठसे घेतले होते?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग ती वही चौकीतच राहिली. चौकीवर जिल्हा, जिल्ह्यावर प्रांत, त्यावर हेडक्वार्टर. आमच्यापर्यंत फक्त बोटं यायची."

तरी मी पुन्हा पुन्हा तेच विचारत राहिले. त्यांनी माझ्या बोटांना क्रीम लावायला सांगितलं, दिवसातून चारदा, आणि भांडी घासणं बंद. मग म्हणाले, "आमच्याकडे वर्दी बघून सगळेच घाबरतात. इंग्रज उत्तरेकडचे जवान दक्षिणेत आणून ठेवायचे. भाषा कळली नाही की माणूस लाठी चालवायला कचरत नाही. माझे आजोबा त्यातलेच. त्यांच्याशी गावात कोणी बोलायचं नाही."

आठवड्याने इथल्या पोलीस स्टेशनात पुन्हा ठसे दिले. त्या संध्याकाळी राहवेना, म्हणून नवऱ्याला सायकलवाल्याचं सांगून टाकलं.

"मला माहीत आहे," तो म्हणाला. "ड्रायव्हरने तेव्हाच सांगितलं होतं. तू कधी बोलतेस याची वाट बघत होतो."

मला राग आला की लाज वाटली, अजून ठरवता येत नाही. दोन दिवस आम्ही कामापुरतंच बोललो.

मुदत संपायच्या चार दिवस आधी दाखला आला. नोंद काहीच नव्हती. तो दाखवायला मी त्या रिटायर्ड पोलिसांकडे गेले. त्यांनी चष्मा लावून शिक्का पाहिला, मग खालची सही बराच वेळ वाचली.

"हा कोण, मी ओळखत नाही. माझ्यानंतरचा असेल," ते म्हणाले, आणि कागद जपून माझ्या हातात दिला.